‘सरांचे दीडशे पेपर आहेत म्हणे!’ : रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या संशोधकाची यादी कशी वाचायची

पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपरांची, शोधनिबंधांची, ऑनलाइन यादी. तिथे ‘पाटील एस’ असं टाकून बघा. हजारो पेपर येतात. दातांचे, डोळ्यांचे, भुलीचे, कॅन्सरचे, सगळे एकाच नावाखाली. जर्नलवाले आडनाव आणि आद्याक्षरं छापतात, आणि महाराष्ट्रात माणसं भरपूर असली तरी आडनावं त्या मानाने कमीच. बाईंची यादी असेल तर आणखी भानगड. एम.एस्सी.च्या वेळी ‘जोशी एम’, लग्नानंतर ‘देशमुख एम’, परदेशात पोस्टडॉक करताना दोन्ही आडनावं जोडून तिसरंच काहीतरी. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ओर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. फुकट असतो, संशोधकाने स्वतः काढायचा असतो. तो असेल तर त्यावरूनच शोधा. नसेल तर नाव, संस्था आणि विषय तिन्ही जुळतात का ते बघूनच पेपर त्या माणसाच्या खात्यावर मांडा.

मी परळच्या बाजूला एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. ॲडमिशनच्या दिवसांत कोणी ना कोणी येतंच, ‘ताई, जरा या सरांचं बघून द्या ना.’ कोणाची मुलगी पीएचडीसाठी गाइड शोधत असते. कोणाच्या वडिलांना नवा स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, सुचवलेला असतो आणि तो ज्यांनी बनवला त्यांचं नाव व्हॉट्सॲपवर फिरत असतं. सगळ्यांना आकडा हवा असतो. किती पेपर, इम्पॅक्ट फॅक्टर किती, एच-इंडेक्स किती. आकडा दोन मिनिटांत मिळतो आणि त्यातून फारसं काही कळत नाही. यादीत एखादा प्रश्न वर्षानुवर्षं पुढे सरकताना दिसतो का, हे बघायचं असतं. रक्तवाहिन्या आणि बायोमटेरियल, म्हणजे शरीरात बसवायचे पदार्थ, या विषयात ते बघणं तुलनेनं सोपं आहे, कारण इथल्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. फक्त विषयाची थोडी तोंडओळख हवी.

रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. बरीच वर्षं हे नुसतं अस्तर समजलं जायचं. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाड्झ्की यांनी ‘नेचर’मध्ये सशाच्या महाधमनीवरचा एक प्रयोग छापला. ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकलं की वाहिनी सैल पडते, पण अस्तर शाबूत असेल तरच. ते घासून काढलं की सैल पडत नाही. तोवरच्या प्रयोगांत पट्टी कापतानाच ते अस्तर नकळत खरवडलं जायचं, त्यामुळे उत्तर उलटं यायचं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने वाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्तात गुठळी धरणारे कण, तिला चिकटत नाहीत, हे पुढे कळलं. १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं ते यासाठी.

आता हे अस्तर नसलेली प्लास्टिकची नळी रक्तात ठेवा. काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिच्यावर बसतात, त्यात फायब्रिनोजेन असतं, त्याला प्लेटलेट्स चिकटतात आणि गुठळी धरू लागते. गुठळी टळली तरी नळी जिथे खऱ्या वाहिनीला शिवलेली असते, तिथे स्नायूपेशी वाढत जाऊन आतली जागा बुजवतात. या विषयातले बहुतेक पेपर या दोनपैकी एका शत्रूशी लढणारे असतात.

सुरुवात मात्र कापडापासून झाली. न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूरहीज यांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमाच्या टाक्यावर चकचकीत पापुद्रा चढलेला दिसला. दोऱ्यावर चढतो तर कापडाच्या नळीवरही चढेल, असं त्यांनी धरलं आणि १९५२ साली व्हिनियॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्यांचा पेपर छापला. ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी दुकानातून आणलेलं डॅक्रॉनचं कृत्रिम कापड घरच्या शिवणयंत्रावर शिवून नळ्या केल्या. पोटातल्या जाड धमनीसाठी डॅक्रॉन आजही वापरतात. तिथे रक्त इतक्या जोरात वाहतं की गुठळीला बूड टेकायला जागा मिळत नाही. गाडं अडतं ते ६ मिलिमीटरच्या खाली. हृदयाच्या धमन्या ३-४ मिलिमीटरच्या असतात, आणि त्या मापाची, वर्षानुवर्षं वाहती राहणारी कृत्रिम नळी बाजारात नाही. ओळखीत कोणाची बायपास झाली असेल तर पायावर लांब व्रण असतो ना, तो यामुळेच. शरीरातलीच वाहिनी, बहुधा पायातली शीर, काढून हृदयावर जोडावी लागते.

एवढं माहीत असलं की यादी वाचता येते. मी एक यादी रचते. नाव नाही, माणूस नाही, पण अशा याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. २०११: हेपारिनचा (गुठळी रोखणाऱ्या औषधाचा) लेप दिलेल्या पॉलियुरेथेन प्लास्टिकवर प्लेटलेट चिकटण्याचं प्रमाण. २०१३: त्याच लेपावर नाळेतल्या एंडोथेलियल पेशींची वाढ. २०१४: बायोमटेरियलमधले नवे प्रवाह, एक आढावा. २०१६: ४ मिलिमीटर नळीचं सशाच्या मानेतल्या धमनीत रोपण, ३० दिवस. २०१९: मेंढीत तीच नळी, ६ महिने. आणि २०२० नंतर अचानक हळदीचे नॅनोकण, मास्कचं कापड, जखमेची पट्टी.

पहिला पेपर कंटाळवाणा वाटतो, पण मला असे पेपर आवडतात. त्यात हिमोलिसिसची चाचणी असेल, म्हणजे पदार्थ लागल्याने तांबड्या पेशी किती फुटतात याची. प्रमाण २ टक्क्यांच्या खाली असेल तर पदार्थ निरुपद्रवी, ५च्या वर असेल तर बाद. ज्याच्या यादीत रक्ताच्या या चाचण्याच नाहीत आणि तरी प्रत्येक पेपरच्या शेवटी ‘हृदयरोग्यांसाठी आशादायक’ असं वाक्य आहे, त्याच्याबद्दल मी जरा हात राखून बोलते.

दुसऱ्या पेपरातली नाळ म्हणजे खरोखर बाळाची नाळ. १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या एरिक जॅफी यांच्या गटाने नाळेतल्या शिरेतून एंडोथेलियल पेशी काढून वाढवण्याची रीत छापली, आणि तेव्हापासून जगभर हीच पेशी वापरली जाते. कारण साधं आहे, नाळ एरवी टाकूनच देतात. प्रसूती विभागातून आईची संमती घेऊन ती आणायची, थंड ठेवायची, वेळ न घालवता धुऊन पेशी सोडवायच्या. पण ही नवजात बाळाच्या शिरेची पेशी आहे. ज्याला नळी बसवायची तो साठीतला, मधुमेही, तंबाखू खाणारा गृहस्थ, आणि त्याची धमनी. तेव्हा ‘पेशी छान वाढल्या’ ही पहिली पायरी झाली, पुढचं सगळं बाकी आहे.

प्राण्यांच्या पेपरांत तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. कुत्र्यात कृत्रिम नळीवर दोन्ही टोकांकडून अस्तर भराभर चढतं आणि कधीकधी पूर्ण नळी झाकली जाते. माणसात ते जोडापासून एक-दोन सेंटिमीटर सरकतं आणि तिथेच थांबतं. व्हूरहीजना कुत्र्यात जे दिसलं त्यावर किती वर्षांच्या आशा उभ्या राहिल्या, आणि माणसात तो पापुद्रा पूर्ण नळीवर चढलाच नाही. म्हणून पेपरात प्राणी कोणता, नळी किती लांब, किती दिवस ठेवली आणि सोबत तुलनेला साधी नळी होती का, या चार गोष्टी शीर्षकापेक्षा महत्त्वाच्या. सशात ३० दिवस ही सुरुवात. मेंढीत ६ महिने म्हणजे कोणीतरी पैसे आणि धीर दोन्ही खर्च केले.

मग या कल्पित यादीत २०१९नंतर काय झालं? तीन शक्यता. पैसे संपले. मेंढीत नळी बुजली. किंवा काम पेटंटमध्ये आणि कंपनीत गेलं, जिथे पेपर उशिरा निघतात. यादीवरून नेमकं कोणतं ते कळत नाही, पण प्रश्न कुठे थांबला ते कळतं, आणि मुलाखतीत विचारायचं ते हेच. मास्क आणि नॅनोकणांवर मी नाक मुरडत नाही. अनुदान मिळेल त्या दिशेला सगळ्यांनाच वळावं लागतं. मात्र ज्या मुलीला रक्तवाहिन्यांवर पीएचडी करायची आहे, तिने त्या सरांकडे आता नळीचं काम चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

पूर्ण चढलेला जिना कसा दिसतो तेही बघण्यासारखं आहे. १९९९मध्ये लॉरा निकलसन यांनी ‘सायन्स’मध्ये छापलं की गायीच्या स्नायूपेशी विरघळणाऱ्या जाळीवर पेरून, नाडीसारखे ठोके देणाऱ्या पंपाखाली काही आठवडे वाढवल्या तर धमनी तयार होते. डुकरांच्या स्वतःच्या पेशींपासून तशीच धमनी करून ती त्यांच्यातच बसवली होती. २०११मध्ये त्याच धाग्यातला पेपर आला. आता पेशी माणसाच्या होत्या, आणि नळी तयार झाल्यावर पेशी धुऊन काढून फक्त सांगाडा ठेवलेला, म्हणजे कोणालाही चालेल. २०१६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ६० डायलिसिस रुग्णांचा पेपर, डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी त्यांना ही नळी बसवली होती. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ही नळी हातापायाच्या धमनीला मोठी दुखापत झाली आणि रुग्णाची स्वतःची शीर वापरता आली नाही, तर वापरायला मान्यता दिली, तीही नळी फाटून रक्तस्राव होऊ शकतो या ठळक इशाऱ्यासह. पहिल्या पेपरपासून पंचवीस वर्षं, आणि अजून हृदयाच्या धमनीपर्यंत पोचलेली नाही.

त्या २०१६च्या पेपरातला एक तक्ता मी मुद्दाम दाखवते. वर्षभरानंतर किती नळ्या वाहत्या होत्या? एका ओळीत ८९ टक्के, दुसऱ्या ओळीत २८ टक्के. दोन्ही खरे. हात न लावता आपोआप वाहती राहिली तर ती प्रायमरी पेटन्सी, तीच २८. मध्ये बुजली, पण डॉक्टरांनी गुठळी काढून किंवा बलून करून पुन्हा चालू केली, ती धरून सेकंडरी पेटन्सी, ती ८९. बातमीत कोणता आकडा जातो हे सांगायला नकोच. पण ज्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, त्याच्या दृष्टीने दोन आकड्यांमधला फरक म्हणजे हॉस्पिटलच्या जादा खेपा.

नावांच्या क्रमाकडे येऊ. पेपरावरची नावं लग्नपत्रिकेसारखी वाचावी लागतात. कोणाचं नाव कुठे यावरून घरातली सत्ता कळते. या विषयात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं. शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं, म्हणजे ज्याची कल्पना आणि ज्याचे पैसे. मधली नावं मदतीची. कोणी सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो काढले, कोणी प्राण्यांवर शस्त्रक्रिया केली, आणि कोणी नुसते आशीर्वाद दिले. शेवटच्या प्रकाराला वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची साफ मनाई आहे. लेखक व्हायचं तर कामात वाटा, लिखाणात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि चुकीची जबाबदारी, चारही हवेत. प्रत्यक्षात विभागप्रमुखांचं नाव न घालण्याची हिंमत किती जणांत असते, ते तुम्हीही जाणता. म्हणून दीडशेपैकी सर पहिले किंवा शेवटचे किती पेपरांत आहेत, ते मोजा. आकडा झपकन खाली येतो.

नावांखालच्या बारीक अक्षरांतल्या संस्था तर जरूर वाचा. हा विषय एका खोलीत होत नाही. पॉलिमर जाणणारा लागतो, पेशी वाढवणारा लागतो, शल्यविशारद लागतो, प्राण्यांचा डॉक्टर लागतो. मुंबईत हे सगळं लोकलच्या अंतरावर आहे. माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था, पवईला आयआयटी, परळला केईएम आणि १८८६पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. एखाद्या यादीत वर्षानुवर्षं पवई आणि परळ एकाच पेपरावर दिसत असतील तर त्या माणसाला दुसऱ्यांबरोबर काम करता येतं. आमच्याकडे ही गुणवत्ता दुर्मिळ, असं मी म्हणेन. ज्याचं काम आयुष्यभर एकाच संस्थेच्या भिंतीत राहिलं, त्याची नळी बहुधा बशीतच राहिली.

एच-इंडेक्स थोडक्यात. २००५मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला हिशेब. तुमच्या ३० पेपरांना प्रत्येकी निदान ३० वेळा कोणी उद्धृत केलं तर तुमचा एच ३०. वयाबरोबर तो वाढतच जातो, खाली येत नाही, आणि आढावा-लेख लिहिणाऱ्याला तो लवकर वाढवता येतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, तर जर्नलचा असतो, पेपरचा नव्हेच. यादीतले आढावे बाजूला काढा आणि मग उरलेल्यांत काय आहे ते बघा.

सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी पेपर उद्धृत करणं, याने तरी काय कळतं, याची गोष्ट परळचीच आहे. केईएममधले डॉ. प्रफुल्लकुमार सेन, ज्यांनी १९६८मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, त्यांचा तेहेमतन उदवाडिया, किनरे आणि परुळकर यांच्यासोबत १९६५चा एक पेपर आहे. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू बऱ्याच अंशी आतल्या पोकळीतूनच थेट रक्त घेतो, वेगळ्या धमन्यांवर फारसा विसंबत नाही. मग माणसाच्या अडलेल्या हृदयात सुईने बारीक भोकं पाडली तर? त्यांनी कुत्र्यांवर करून पाहिलं आणि नाव ठेवलं ‘ट्रान्समायोकार्डियल ॲक्युपंक्चर’. पुढे सुईच्या जागी लेझर आला, १९९८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली, आणि लेझरवाल्यांच्या पेपरांत परळचा तो पेपर मूळपुरुष म्हणून येत राहिला. मग शवविच्छेदनांत दिसलं की भोकं बुजलेली असतात. २००५मध्ये पायातून नळी घालून केलेल्या लेझरची नकली प्रक्रियेशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. म्हणजे भरपूर उद्धृत झालेला, खरोखर नव्या कल्पनेचा पेपर, आणि उपचार मात्र टिकला नाही. सेन यांचं मोठेपण मला यात कमी होताना दिसत नाही. त्याच गटाने महाधमनीच्या दाहावर, तरुण मुलींच्या हाताची नाडी गायब करणाऱ्या त्या आजारावर, जे काम केलं ते फार पक्कं होतं. पण नुसता सायटेशनचा आकडा बघणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट यादीत सहसा दिसत नाही, फसलेलं काम. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप डिसेंबर १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली, ती चौथं मॉडेल होती. आधीची तीन बाद झाली आणि या कामाचे प्रमुख डॉ. वलियाथन त्याबद्दल मोकळेपणी लिहीत-बोलत राहिले. उलट टोकाला शल्यविशारद पाओलो मकियारीनी. प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर मूलपेशी लावून ती माणसांत बसवल्याचे पेपर २०११पासून गाजले, रुग्ण दगावत गेले, ‘लॅन्सेट’ने २०१८मध्ये दोन पेपर मागे घेतले आणि २०२३मध्ये स्वीडनच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली. पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर ठळक पट्टी येते, ती बघायला पाच सेकंद लागतात. पण मागे न घेतलेल्यांतही गडबड असते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये छापलेल्या कामात वीस हजारांवर पेपरांतले फोटो नजरेने तपासले, तर ३.८ टक्क्यांत आक्षेपार्ह पुनरावृत्ती सापडली. पेशींचा एकच फोटो फिरवून दुसऱ्या प्रयोगाचा म्हणून लावलेला.

जर्नलच बनावट असेल तर? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०१८मध्ये आपल्याच मंजूर यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली, यावरून अंदाज घ्या. ‘आठवड्यात पेपर छापून मिळेल’ म्हणून ईमेल करणारं जर्नल दिसलं तर तो पेपर यादीत आहे असं धरूच नका.

वडिलांच्या नव्या स्टेंटसाठी आलेल्यांना मी वेगळं सांगते. पेपर सोडा, आधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, ती वस्तू शोधा. १५ जून २००९पासून चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंद सक्तीची आहे. किती रुग्ण घेणार, काय मोजणार आणि किती काळ, हे आधीच लिहिलेलं असतं. मग छापलेला पेपर शेजारी ठेवा. मुदत महत्त्वाची. विरघळणारा ॲब्झॉर्ब स्टेंट २०१६च्या जुलैत अमेरिकेत मंजूर झाला आणि २०१७च्या सप्टेंबरात विक्री बंद झाली, कारण लांब मुदतीच्या निकालांत धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त गुठळ्या दिसल्या. पहिल्या वर्षाचे पेपर वाचून हे कळलं नसतं.

आणि ‘ताई, पेपर उघडतच नाही, पैसे मागतो’ याचं उत्तर. १ जानेवारी २०२५पासून एक राष्ट्र, एक सदस्यत्व योजनेत सरकारी कॉलेजं आणि संस्थांना सुमारे तेरा हजार जर्नलं खुली आहेत, तेव्हा तिथे शिकणारं कोणी असेल तर त्यांच्या लॉगिनने मिळेल. नसेल तर पबमेड सेंट्रल बघा, तिथे पूर्ण पेपर फुकट असतात. तेही नसेल तर पेपरच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहाराच्या लेखकाचा ईमेल छापलेला असतो. दोन ओळी लिहा, कोण आहात, कशासाठी हवा आहे. बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. गाइड निवडायचा असेल तर पहिल्या लेखकांनाही एक मेल टाका. पाच-सहा वर्षांत किती जणांची पीएचडी पूर्ण झाली, आणि आता ते कुठे आहेत, हे त्यांनाच विचारलेलं बरं.